दर चुलीमागे

निकेतचा हात वर गेला नाही. बाकीचे गेले होते, काही पटकन, काही शेजारच्याकडे बघून. एकदोन हातांत अजून बटाटावडा होता आणि हिरवी चटणी मनगटाकडे ओघळत होती. दिपेशभाईंनी साधाच प्रश्न विचारला होता. "इस साल इन्कम टॅक्स कोण कोण भरतो? हात वर करा. शरमाऊ नका, टॅक्सवाले इथे नाय बसलेत." लोक हसले, मीही हसले. हसता हसता मी सवयीने उजवीकडे बघितलं, कारण या प्रश्नाला सगळ्यात आधी हात वर करणार तो माझा नवरा, हे आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनलासुद्धा माहीत आहे. निकेतचा उजवा हात मांडीवर होता. डाव्या हाताने त्याने तो मनगटाशी धरून ठेवला होता, लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तसा. तो समोर बघत होता, दिपेशभाईंच्या डोक्यावरून, मीटरच्या पेट्यांकडे. माझं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मला ते आवरता येईना. दिपेशभाईंनी हात मोजले, मान डोलावली आणि पुढे बोलायला लागले. निकेतचा हात खाली आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या लक्षात आलं. आणि पलीकडे पाण्याच्या टाकीजवळ बसलेल्या फ्लेव्हियाच्याही आलं, कारण ती आधी त्याच्याकडे बघत होती आणि मग लगेच माझ्याकडे बघायला लागली.

जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की वाद असतो. म्हणजे भांडण नव्हे, भांडणं इतर दिवशी असतात. बाबाजीकाकांनी ही टूम काढली. ते रत्नागिरीकडचे, शाळामास्तर होते, निवृत्त झाल्यावर मुलाकडे इथे राहायला आले आणि वर्ग नाही म्हणून आम्हालाच वर्ग करून टाकलं. पार्किंगमधल्या स्कूटर बाहेर काढायच्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, आणि विषय जाहीर झाला की ज्याला तो पटतो त्याने मीटरच्या पेट्यांच्या बाजूला खुर्ची लावायची, ज्याला पटत नाही त्याने पाण्याच्या टाकीकडे. ज्याचं नक्की ठरत नाही त्याच्यासाठी मधला खांब. बोलणं ऐकून कुणाचं मत बदललं तर त्याने उठून आपली खुर्ची आपण उचलायची आणि दुसरीकडे नेऊन ठेवायची. आणि ज्याने खुर्ची हलवली त्याने शेवटी का हलवली ते उभं राहून सांगायचं, सगळ्यात शेवटी हलवणाऱ्याने सगळ्यात आधी. या एका नियमापायी आमच्याकडे फारशी मतं बदलत नाहीत. यंदाचा विषय काकांनी फळ्यावर खडूने लिहिला होता, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात: देशातल्या सगळ्यांकडून उत्पन्नाचा सारखाच टक्का कर म्हणून घेतला, तर ती करपद्धती न्याय्य ठरेल. निकेतने फळा पूर्ण वाचायच्या आत मीटरच्या पेट्यांकडे खुर्ची टाकली होती आणि मी त्याच्या शेजारी. माझं मत म्हणजे त्याच्या शेजारची खुर्ची, असंच आजवर चालत आलंय, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा त्रासही नव्हता.

मी स्वतःला समजावलं. बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत सूट दिली, त्यात तो बसत असेल, एवढंच. पण मग मला ते बजेटच आठवलं. टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला निकेत, हातात कॅल्क्युलेटर, आणि सगळं ऐकून झाल्यावर कपाळाला हात लावून म्हणाला होता, "बघ नशीब. सरकार आपल्या दारापर्यंत आलं आणि शेजारच्याची बेल वाजवून परत गेलं." त्याचा पगार त्या रेषेच्या जरासा वर होता. त्या जराशावर तो महिनाभर बोलला. भाजीवाल्यापाशी, लिफ्टमध्ये, माझ्या माहेरच्या लग्नात. कर भरतो म्हणून त्याला राग होता आणि कर भरतो म्हणूनच त्याची मानही ताठ होती, या दोन गोष्टी त्याच्यात एकाच वेळी नांदत. रस्त्यावर खड्डा दिसला की म्हणायचा, माझ्या पैशाचा खड्डा. मग यंदा तो रेषेच्या खाली कसा गेला? पगार कुणाचा कमी होत नाही, निदान असा गुपचूप होत नाही. पगार असतो, नाहीतर नसतो.

ऐकलं नसेल, असंही मनात आलं. पण दिपेशभाईंची भांडी बनवायची फॅक्टरी आहे, दिवसभर मशीनच्या वर आवाज काढून बोलायची सवय, त्यांचं बोलणं खाडीपलीकडे ऐकू जातं. मग वाटलं, मुद्दाम नसेल केला वर, दरवर्षी काय तेच तेच. आणि याच विचारापाशी मला खरी भीती वाटली, कारण निकेतला मी ओळखते. गप्प बसायला लागलं तर तो बसेल, बोट वर करून खोटं सांगणं त्याला जमत नाही. आमची मनाली लहान होती तेव्हा वॉटर पार्कच्या खिडकीवर मी तिला पढवून नेलं होतं, वय विचारलं तर सातच सांगायचं. खिडकीतल्या माणसाने विचारलंसुद्धा नाही. तरी हा मागून म्हणाला, "आठ. मागच्या आठवड्यात झाली आठ." आणि पूर्ण तिकीट काढलं. मी दिवसभर फुगून बसले होते. तोच माणूस आता आपला हात धरून बसला होता, तो चुकून वर जाऊ नये म्हणून.

दिपेशभाई सांगत होते, "मी सिंपल बोलतो. सबका दस टक्का. मेरा दस, अंबाणीचा दस, रिक्षावाल्याचा दस. फॉर्म नाय, सीए नाय, नोटीस नाय. सारख्याला सारखं, यापेक्षा फेअर काय असतं, बोलो?" टाळ्या पडल्या. निकेतनेही वाजवल्या, आवाज न होणाऱ्या. मी त्याच्या हातांकडे बघत होते आणि माझ्या नाकात वास येत होता, सुकटीचा. खरा नव्हे, आठवणीतला. पावसाळा संपल्यावर कधीतरी त्याच्या शर्टाला तो वास यायला लागला. मी विचारलं होतं, तर म्हणाला ऑफिसात कोणीतरी डब्यात आणतं, एसीमुळे सगळीकडे पसरतो. मला पटलं. मग पँटच्या दुमडीत वाळू सापडली. अंधेरीच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर, वाळू कुठून येते, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही, पण मशीन लावायची होती, मनालीचा क्लास होता, मी दुमडी बाथरूमच्या जाळीवर झटकली आणि नळ सोडला. आणि दिवाळीच्या सुमारास फ्लेव्हिया जिन्यात भेटली तेव्हा सहज म्हणाली, "तुझे मिस्टर काल उत्तनला दिसले ग. आमच्या वाड्याकडच्या बसस्टॉपवर बसले होते, डबा खात." फ्लेव्हियाचं माहेर उत्तनचं, समुद्राकाठच्या कोळीगावातलं, ती दर आठवड्याला आईकडे जाते. मी हसले होते. म्हटलं, "चष्मा बदल. तो वर्किंग डेला उत्तनला कशाला जातोय?" तीही हसली. म्हणाली, हो, दुसरे कोणी असतील. आता तिच्याकडे बघायचं मी टाळत होते, तरी ती कुठे बघतेय ते मला कळत होतं. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात तिथे, त्यांच्या सावलीत, इस्त्रीच्या शर्टात बसून भेंडीची भाजी आणि पोळी खाणारा माणूस मला दिसायला लागला. मीच केलेली भाजी. रोज विचारत होते, आज कशी झाली होती? तोही सांगत होता, मीठ जरा कमी.

म्हणजे माझ्या आधी तिला माहीत होतं. आणखी किती जणांना? मी हळूच सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. रोज ज्यांच्याबरोबर लिफ्टने खाली जायचं, दूध आलं नाही म्हणून ज्यांची बेल वाजवायची, ती माणसं एकदम अनोळखी वाटायला लागली. सगळे जिलबी खात होते. यांना कळलं तर काय होईल, हे मला नीट सांगता आलं नसतं. कोणी काही करणार नव्हतं. फक्त लिफ्टमध्ये आवाज जरा मऊ करतील. त्या मऊ आवाजाची मला लहानपणापासून भीती वाटते.

आता फ्लेव्हिया बोलायला उभी राहिली. ती शाळेत शिकवते, एरवी छापील मराठी बोलते, पण तापली की तिचं उत्तन बाहेर पडतं. "माझा भाऊ सॅव्हियो बोटीवर हाय. एखाद्या दिवशी जाळं भरून येतं, पुढचे आठ दिवस काय न्हाय. पावसाळ्यात बोट किनाऱ्यालाच. त्याच्या दहा टक्क्यांत पोरांच्या शाळेचा रिक्षा जातो, आणि दिपेशभाईंच्या दहा टक्क्यांत काय जातं? दारात नवी गाडी जरा उशिरा येते. टक्का सारखा, पण कळ सारखी न्हाय ना. आणि तो टॅक्स भरत न्हाय असं कोण म्हणतं? साबणाच्या वडीवर तो आणि तुम्ही सारखाच भरता. डिझेलवर भरतो. तुमच्या प्रश्नाला त्याने हात वर करायचा का खाली ठेवायचा, सांगा." दिपेशभाई म्हणाले, "अरे सिस्टर, ते इनडायरेक्ट. ते सगळेच भरतात. मी जे कॉन्ट्रिब्यूट करतात त्यांचं बोलतोय." फ्लेव्हिया म्हणाली, "हां, म्हणजे जो भरतो तो माणूस, आणि बाकीचे पाहुणे." तिचा आवाज चढला होता. मला वाटलं ती आता माझ्याकडे बोट करणार. ती बसली.

सारख्याला सारखं. हे शब्द मी पहिल्यांदा पार्किंगमध्ये ऐकले नव्हते. पोलादपूरकडे आमचं गाव, तिथे शिमग्याला देवाची पालखी घरोघर यायची आणि तिच्यासाठी वर्गणी असायची दर चुलीमागे. जमिनीमागे नाही, कमावत्या हातामागे नाही, चुलीमागे. ज्याच्या घरी वेगळी चूल पेटते त्याने वेगळी वर्गणी द्यायची, सावकार असो की गुराखी, रक्कम एकच. गावकीचे लोक म्हणायचे, देवापुढे सगळे सारखे. त्यात कोणाला खोट दिसत नसे आणि मलाही दिसली नसती, पण त्या वर्षी बाबांचा पाय टेम्पोखाली सापडला. त्यांचा स्वतःचा टेम्पो, तो मग दवाखान्यापायी विकला. थंडी सरत आली तेव्हा बाबांचे भाऊ, माझे काका, एकदा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, यंदा तुम्ही आमच्यातच दाखवा. म्हणजे एक चूल, एक वर्गणी. चांगल्या मनाने म्हणाले. आईने त्याच दिवशी चुलीतली राख काढली, शेणाने सारवली आणि चूल बंद केली. लबाडी करायची तीसुद्धा आम्ही प्रामाणिकपणे केली. नुसतं सांगून भागलं असतं का? नसतं. गावकीची माणसं कोणाच्या घरात डोकावत नसत, पण कौलांतून धूर निघतो, आणि धूर सगळ्या गावाला दिसतो.

"कोणाला खुर्ची हलवायचीय का?" बाबाजीकाकांनी घड्याळाकडे बघत विचारलं. "शेवटची संधी. नंतर कुरकुर नको." नेहमीसारखं कोणी हललं नाही. आणि मग माझ्या शेजारी प्लास्टिक फरशीवर घासल्याचा आवाज झाला. निकेत उभा राहिला होता. त्याने खुर्ची पाठीकडून धरून उचलली आणि सगळ्यांच्या मधून, पायाखाली न बघता, मधल्या खांबापाशी नेऊन ठेवली, आणि तिच्यावर बसला. मग एकदम आरडाओरडा. "निकेतभाई, आप भी?" दिपेशभाई तर उभेच राहिले. "क्या हुआ, टॅक्स भरून भरून थकलात काय?" सगळे हसले. निकेतही हसला. मी त्याचं ते हसणं रोज बघत होते, संध्याकाळी दार उघडलं की बूट काढताना. दमलोय, आज फार काम होतं. ते हसणं मला कधीच वेगळं वाटलं नव्हतं, आणि आता मला ते बघवेना.

"वा," बाबाजीकाका म्हणाले. ते मनापासून खूश झाले होते. "मत बदलण्याला धैर्य लागतं. निकेत, नियम माहिताय ना? आता उठून सांगायचं, का हलवली."

निकेतने मान हलवली. त्याने खरंच दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तो उठायला लागला, आणि मला कळलं की तो सांगणार. हा माणूस आठ झाली म्हणून सांगणारा. घरात मला सांगता आलं नाही ते तो इथे, जिलबीच्या बॉक्सांसमोर, दिपेशभाईंच्या समोर, नियम आहे म्हणून उभा राहून सांगणार. यंदा माझा हात वर गेला नाही, कारण. त्याच्या तोंडून ते पुढचं वाक्य बाहेर पडलं की मग ते आमचं राहणार नव्हतं. माझ्या कानांत पंपाचा घरघर आवाज येत होता, पंप बंद असूनही. काय करतेय हे कळायच्या आत मी उठले, माझी खुर्ची उचलली, तिचा पाय कोणाच्या तरी साडीत अडकला, तो सोडवला, आणि खांबापर्यंत गेले. ती मी निकेतच्या खुर्चीला चिकटून ठेवली. बसले नाही. म्हटलं, "काका, शेवटी मी हलवली. आधी मी बोलते."

"मिनल?" बाबाजीकाका आनंदाने म्हणाले. इतक्या वर्षांत मी तिथे फक्त चहाचे कप गोळा केले होते.

मी काय बोलणार ते मला माहीत नव्हतं. म्हणून जे तोंडाशी आलं तेच बोलले. चुलीचं सांगितलं, वर्गणीचं सांगितलं, माझ्या काकांनी एक चूल दाखवायला सांगितली तेही. आवाज कापत होता, पण लोकांना वाटलं पहिल्यांदा बोलतेय म्हणून. "त्या शिमग्याला," मी म्हटलं, "आई काकीच्या चुलीवर रांधायची. काकी उठेपर्यंत आम्हाला गरम पाणी नाही. काकी वाईट नव्हती. पण चूल तिची होती, तर पहिली भाकरीही तिच्याच पोरांची. आई ताटं घेऊन उभी राहायची. आमच्या चुलीत मांजर झोपायला लागलं होतं, गार आणि स्वच्छ असायची ना. मग मला ताप भरला. मध्येच हुडहुडी, मध्येच भाजून निघायचे. पहाटेची वेळ, काकीचं दार बंद, आणि मला पेज हवी होती. आईने मांजराला उठवलं आणि आमची चूल पेटवली."

इथे मी थांबले. समोर सगळे ऐकत होते, दिपेशभाईसुद्धा. निकेतकडे मी बघितलं नाही. त्याच्या श्वासाचा आवाज मात्र माझ्या कमरेच्या उंचीवरून येत होता. हे पुढचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते आहे असंच कधी वाटलं नव्हतं. "चूल पेटली की धूर होतो. धूर बाहेर गेला तर गावाला दिसणार की या घरात दुसरी चूल आहे. म्हणून आईने कौलांच्या फटीत गोणपाट कोंबलं. खिडकी लावली, दाराच्या खाली लुगडं घातलं. आणि एका हाताने पेज ढवळत दुसऱ्या हाताने सूप घेऊन धूर खाली दाबत बसली. धूर सुपाने दबतो का? सगळ्या घरात भरला. मी खोकतेय, धाकटा भाऊ खोकतोय, बाबा पाय धरून खोकतायत, आणि आई म्हणतेय, हळू खोका. हळू खोका, बाहेर ऐकू जाईल."

कोणीतरी च् च् केलं. मला ते आवडलं नाही. मी भराभर म्हटलं, "पालखी आली तेव्हा देवाने आमच्या दारावरही थांबा घेतला. कोणी आम्हाला काही बोललं नाही. आम्ही गरीब आहोत हे कोणाला कळलंच नाही, म्हणून कोणी काही विचारलंही नाही. टक्का किती असावा ते मला कळत नाही, दिपेशभाई. सारखा असावा की नसावा तेही नाही. मला एवढंच वाटतं की ज्याची चूल विझलीय त्याला ती विझली म्हणून सांगता आलं पाहिजे. सांगितल्यावर त्याच्याकडे पाहुण्यासारखं बघायला नको. नाहीतर माणसं घरात धूर कोंडून घेतात. आणि बाजूच्या माणसालासुद्धा वास येत नाही." शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते तोंडातून गेलं आणि मी बसले. टाळ्या वाजल्या. चांगल्या जोरात. बाबाजीकाकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "याला म्हणतात मुद्दा." मला हायसं वाटलं. इतक्या बोलण्यानंतर, इतक्या टाळ्यांनंतर, आता कोणाला निकेतची आठवण राहणार नाही.

"चला, आता निकेत," बाबाजीकाका म्हणाले. मास्तरच ते.

तो उभा राहिला. मी त्याच्या चपलांकडे बघत होते, अंगठ्याशी चामडं फाटलेलं होतं आणि ते शिवून घेतलेलं होतं, बारीक, सुबक टाके. कधी शिवून घेतल्या? नवीन का नाही घेतल्या, हे मी का नाही विचारलं? मी देवाचं नाव घ्यायला लागले, गावच्या देवाचं, पालखीतल्या. मग निकेत म्हणाला, "माझं पण तेच."

आणि तो बसला. सगळं पार्किंग हसण्याने भरून गेलं. "देखो, बीवीने बोला तो बस!" दिपेशभाई मांडीवर थाप मारून हसत होते. "अरे भाई, घर में टॅक्स इधर जमा होता है!" बाबाजीकाकाही हसले, म्हणाले, एवढं थोडक्यात उत्तर मी कोणत्याच विद्यार्थ्याकडून ऐकलं नव्हतं. कोणीतरी शिट्टी वाजवली. फ्लेव्हिया हसली नाही. ती जिलबीच्या बॉक्समधली कागदी झालर नीट करत बसली होती. आमच्या खुर्च्या चिकटलेल्या होत्या, आणि खाली, कोणाला दिसणार नाही असा, निकेतचा तोच हात माझ्या ओढणीचं टोक धरून होता. मला वाटलं होतं मी त्याला वाचवतेय. त्याने ऐकलं होतं, सगळं, शेवटच्या वाक्यासकट, आणि उत्तरही दिलं होतं, आणि बिल्डिंग हसत होती.

खुर्च्या रचून, फळा पुसून आम्ही लिफ्टने वर आलो. लिफ्टमध्ये आणखी कोणी नव्हतं. आरशात आम्ही दोघं, त्याच्या शर्टाला अजून झेंड्याची टाचणी. त्याने वरच्या आकड्यांकडे बघत सांगितलं, "एप्रिलपासून." मी त्याच्या शर्टाची टाचणी काढून घेतली. "आमच्या फ्लोअरच्या सगळ्यांनाच कमी केलं. पीएफ काढला. एक तारखेला घरखर्चाचे टाकत होतो, ते त्यातलेच." मग म्हणाला, "हात वर करता आला नाही मिनू. मला वाटलं तू बघशील. आणि मग वाटलं, नको बघायला." दार उघडलं. शेजारच्यांच्या दारात कोणी उभं नाही ना, हे आम्ही दोघांनी एकदमच बघितलं.

घरात मनाली अजून कॉलेजच्या झेंडावंदनाहून आली नव्हती. मी ओढणी खुंटीला लावली. तिच्या बारावीचं, पुढच्या ॲडमिशनचं, घराच्या हप्त्यांचं सगळं माझ्या डोक्यात एकदम उभं राहिलं आणि मला इतकी भीती वाटली की मी ओट्याची कड धरली. राग यायला हवा होता, तो कुठे दिसेना. किती पीएफ उरलाय, हे विचारायचं होतं. तोंडातून आलं, "उद्या डबा?"

"नको," तो स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. "घरीच जेवीन."

मी गॅस पेटवायला गेले. लायटर तीनदा खटखटला. निकेत पुढे आला, त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि एक शेगडी पेटवली. त्या शेगडीवर मी कुकर चढवला. मग मी लायटर त्याच्याकडून परत घेतला आणि दुसरीही शेगडी पेटवली. तिच्यावर ठेवायला काही नव्हतं. खिडकी मी सताड उघडली, एक्झॉस्ट फॅन लावला, आणि आम्ही दोघं त्या मोकळ्या निळ्या जाळाकडे बघत उभे राहिलो. गॅस फुकट जात होता. बंद करायला मी पुढे झाले नाही, तोही झाला नाही. खाली पार्किंगमधून अजून हसण्याचे आवाज येत होते.